दोनचबाईंची वसुली

विमा कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे आणि बाथरूमच्या अलीकडे एक खोली होती. दारावर 'वसुली' एवढंच लिहिलेलं. दारू पिऊन गाडी चालवताना ज्याने कुणाला ठोकलं आणि जो कोर्टात दोषी ठरला, असा माणूस कंपनीचा विमेदार असला की जखमी माणसाला कंपनी आधी पैसे देऊन टाकायची आणि मग ते त्या गाडीवाल्याकडून परत मागायची. मागण्याचं काम या खोलीतून चाले, आणि खोलीत बावीस वर्षं एकच बाई बसत होत्या.

ऑफिसात त्यांना सगळे दोनचबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. नाव पडायचं कारण साधं होतं. त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत जो कोणी येऊन बसे, तो दोन मिनिटांच्या आत म्हणे, "मॅडम, दोनच घेतले होते." दातांचे डॉक्टर म्हणाले, दोनच. फरशांचे व्यापारी म्हणाले, दोनच. गाण्याचे क्लास घेणारे एक मास्तर म्हणाले, दोनच, आणि तेही मित्राने फारच आग्रह केला म्हणून. काहीजण तर खात्रीसाठी बोटंसुद्धा दोन वर करून दाखवत. बावीस वर्षांत तीन म्हणणारा माणूस बाईंना भेटला नाही. एक म्हणायची सोय नसते, कारण एका पेगात कोणी रस्ता सोडून दुकानात शिरत नाही. आणि तीन म्हटलं की माणूस दारुडा ठरतो. तेव्हा या सगळ्यांनी कुठेतरी बैठक घेऊन दोनवर समझोता केलेला दिसतो, असं बाई म्हणत.

त्या वाद घालत नसत. निकालाची प्रत उघडायची, रक्तातल्या दारूचा आकडा ज्या ओळीत असेल तिच्याखाली प्लॅस्टिकची पट्टी ठेवायची आणि कागद समोरच्याकडे फिरवायचा. मग त्याला ग्लासभर पाणी द्यायचं. पाणी सगळ्यांना मिळे.

लोकांना वाटे, बाईंचं कुणीतरी जवळचं माणूस दारुड्याच्या गाडीखाली गेलं असणार. त्याशिवाय एखादी बाई इतकी हात धुऊन मागे लागत नाही. तसं काही नव्हतं. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन घरी धडधाकट बसलेले होते आणि वर्तमानपत्र निविदांच्या जाहिरातींसकट वाचत होते. बाईंचा दारूवरही राग नव्हता. पाहुण्याने बाटली आणली तर त्या स्वतः ग्लास काढून देत. त्यांना किळस होती ती नंतरच्या बोलण्याची. ब्रेक लागला नाही. उन्हाची तिरीप आली. समोरचा एकदम मध्ये आला. पाय मोडलेला माणूस बिचारा एकच गोष्ट सांगतो, पण मोडणाऱ्याकडे मात्र गोष्टींचा साठा असतो.

वसुलीत त्यांची बदली झाली ती शिक्षा म्हणून. आधी त्या दाव्यांच्या विभागात होत्या. तिथल्या साहेबांनी एकाच गॅरेजचं एकच बिल तीनदा मंजूर केलंय, हे त्यांनी भर बैठकीत, अगदी मदत करण्याच्या सुरात सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या चिकाटीची वसुलीला गरज आहे असं साहेबांच्या लक्षात आलं. तेव्हा वसुली म्हणजे कंपनीची अडगळ होती. पत्र पाठवायचं, ते परत यायचं, त्यावर शिक्का मारायचा, फाइल बंद. बाईंनी पहिल्याच महिन्यात परत आलेलं एक पत्र पर्समध्ये घातलं. पाकिटावर शेरा होता, 'या पत्त्यावर राहत नाहीत.' राहत नसलेल्या त्या फरशीवाल्याचा दाराएवढा हसरा फोटो बाईंच्या बसथांब्यासमोरच्या दुकानावर लावलेला होता. बाई आत गेल्या, बाथरूमच्या फरशीचा भाव विचारला, आणि मालक स्वतः चार रंग काढून दाखवू लागला तेव्हा पाकीट त्याच्या हातात दिलं. सही घेतली. फरशी काही घेतली नाही.

पुढे त्या नोंदणी कार्यालयातल्या बाकांवर दुपारच्या दुपारी काढू लागल्या. तिथे त्यांना एक नवाच साक्षात्कार झाला. ज्या माणसाने वीस वर्षांत बायकोला एक साधा रुमाल आणलेला नसतो, तो निकालाच्या तोंडावर तिला अख्खं घर बक्षीस देऊन मोकळा होतो. बक्षीसपत्रात लिहिलेलं असायचं, 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी'. बाई तारखा लावून बघत. एवढं प्रेम नेमकं याच आठवड्यात कुठून उतू आलं, असं त्या कंपनीच्या वकिलाला विचारत आणि वकील ते कोर्टात विचारत. बरेचसे जिव्हाळे तिथेच आटत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर जावईबापूंनी अपघात केला.

बाईंना एकच मुलगी. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा स्वयंपाकघरातली कपाटं आणि धूर ओढणाऱ्या चिमण्या विकणाऱ्या कंपनीत विक्री अधिकारी होता. जावई बोलायला इतका गोड की बाईंना त्याच्याशी बोलून झाल्यावर चूळ भरावीशी वाटे. पण मुलीने पसंत केलेला, मुलीशी बरा वागणारा, नातीला खांद्यावर घेऊन फिरवणारा. तेव्हा नाव ठेवायला फारशी जागा नव्हती. गाडी घेतली तेव्हा तिचा विमाही बाईंनीच आपल्या कंपनीत, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मिळते ती सूट लावून काढून दिला होता.

एका शनिवारी वर्षाचं विक्रीचं लक्ष्य पूर्ण झालं म्हणून जावयाच्या साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं. जेवण दुपारी साडेतीनला संपलं. चारला जावयाची गाडी एका वळणावर फूटपाथवर चढली. तिथे केस कापायचं एक छोटं दुकान होतं, पुरुषांचं आणि बायकांचं दोन्ही. दुकानाची मालकीण, पन्नाशीची बाई, टॉवेल झटकायला दाराबाहेर आली होती. गाडीने तिला दुकानाच्याच भिंतीवर दाबलं. कमरेचं हाड आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

संध्याकाळी पोलीस चौकीतून सुटून आल्यावर जावयाने सासू-सासऱ्यांना सगळं सांगितलं. ब्रेकने दगा दिला, म्हणाला. त्यात त्या बाई एकदम मध्ये आल्या.

"फूटपाथवर मध्ये आल्या?" बाईंनी विचारलं.

जावयाने विषय बदलला. मग म्हणाला की पार्टीत त्याने तसं काही फार घेतलंच नव्हतं. बाईंनी हात वर केला.

"आकडा सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला तो आकडा पाठ आहे."

सव्वा वर्षाने निकाल लागला. जावई दोषी ठरला. परवाना दोन वर्षांसाठी गेला, दंड झाला. तुरुंगवास मात्र स्थगित राहिला. निकालाच्या नवव्या पानावर त्याचं कारण दिलं होतं: आरोपीने रुग्णालयात जाऊन जखमी महिलेची भेट घेतली, पश्चात्ताप व्यक्त केला, भेटीचे छायाचित्र जोडले आहे. तेवढं वाचून बाईंना जावयाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्या पानावर एका साक्षीदाराने सांगितलं होतं की गाडीतून उतरल्यावर या गृहस्थांनी आधी बंपर बघितला. तेही त्यांनी वाचलं. पण माणूस गडबडतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असती तर त्या ओळीखाली त्यांनी पट्टी ठेवली असती.

कंपनीने केस कापणाऱ्या बाईला चौदा लाख भरपाई दिली आणि रीतीप्रमाणे फाइल तिसऱ्या मजल्यावर आली. बाईंनी पहिल्या पानावर लिहिलं, 'हा माझा जावई आहे. फाइल दुसऱ्याकडे द्यावी.' आणि ती घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. हे साहेब नवे होते, प्रेरणादायी वाक्यांचे फोटो केबिनमध्ये टांगणारे. त्यांनी बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मग आवाज उतरवून म्हणाले की कंपनी हेही एक कुटुंबच आहे, आणि एखादी फाइल सावकाश चालली तर आभाळ कोसळत नाही. बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे साहेबांनी विचारलं नाही.

फाइल गेली टायवाल्याकडे. हा एक तरुण अधिकारी होता. उन्हाळ्यातसुद्धा टाय सोडत नसे म्हणून ते नाव. मुलगा हुशार होता आणि बाईंना मानायचा. इथे तेच नडलं. त्याने जावयाला एक पत्र पाठवलं. जावयाच्या वकिलाचं उत्तर आलं की आपल्या अशिलाच्या नावावर कसलीही मालमत्ता नाही, पगारातला बराचसा भाग कमिशनचा, म्हणजे बेभरवशाचा, आणि मानसिक त्रास तर शब्दांत सांगता येणार नाही. टायवाल्याने उत्तर फाइलला लावलं आणि पुढे काहीच केलं नाही. बाईंची भीड म्हणून. बाईंनी त्याला विचारलं नाही. विचारायचं नाही हे त्यांनी ठरवलंच होतं, आणि न विचारण्यात एक प्रकारचं सुख आहे हे त्यांना त्या महिन्यात कळलं.

मग एका रविवारी दोघं नवराबायको मुलीकडे जेवायला गेली. जावयाने स्वतः टेबल मांडलं होतं. वाढता वाढता तो म्हणाला, "आई, ते प्रकरण तुमच्याच ऑफिसात आहे ना? बघा की जरा."

बाई म्हणाल्या की त्यांचा त्या फाइलशी संबंध नाही.

"तसं नाही," तो म्हणाला. "त्या बाईंना पैसे मिळालेत. पूर्ण मिळालेत. मला त्याचा आनंदच आहे. आता प्रश्न राहिला कंपनीचा. कंपनीचं काय जातंय यात?"

  कंपनीसाठी डोळ्यांत पाणी आणावं अशी कंपनी ती नव्हतीच. हप्ता एक दिवस चुकला तर विधवेचा दावा फेटाळणारी कंपनी. या एका प्रश्नाने बावीस वर्षांच्या कामाच्या मुळाशी हात घातला, आणि तोही हातात पाव घेऊन बसलेल्या या माणसाने, याचा त्यांना संताप आला.

जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात मुलगी भांडी विसळत होती आणि बाई पुसून ठेवत होत्या. मुलगी सहज बोलल्यासारखी म्हणाली की आई, तू घराची काळजी करू नकोस, घर तिच्या नावावर आहे. कधीपासून, असं बाईंनी विचारलं. निकालाच्या आधी, मुलगी म्हणाली. बारा दिवस आधी. त्याने आपला अर्धा हिस्सा तिला बक्षीस दिला होता.

बाईंनी हातातली बशी पुसून जागेवर ठेवली. मग तीच बशी काढून पुन्हा पुसली.

पुढचे तीन दिवस त्या ऑफिसात गेल्या, आल्या, जेवल्या आणि काही बोलल्या नाहीत. यजमानांनी वर्तमानपत्रावरून दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा पुन्हा वाचायला लागले. चौथ्या दिवशी बाईंनी अर्धी रजा टाकली आणि केस कापून घ्यायला निघाल्या.

आजवर त्या कधी कुणा जखमी माणसाला भेटल्या नव्हत्या. त्यांचं काम पाडणाऱ्याशी. पडलेल्याची फाइल दुसऱ्या मजल्यावरच मिटायची. त्या वळणावर दुकान शोधायला वेळ लागला नाही. भिंतीचा नवा गिलावा जुन्यापेक्षा पांढरा दिसत होता. आत दोन खुर्च्या, एक लांब आरसा. सलूनवाली चाकं लावलेल्या उंच स्टुलावर बसून काम करत होती. गिऱ्हाइकाची खुर्ची तिने पार खाली उतरवून ठेवलेली, आणि डाव्या पायाने जमिनीला रेटा देत ती स्टूल खुर्चीभोवती फिरवायची. उजवा पाय पुढे सरळ ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कितपत कापू?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, नेहमीसारखे. मग त्यांच्या लक्षात आलं की या बाईला त्यांचं नेहमीचं माहीत असायचं कारण नाही. सलूनवाली हसली आणि तिने कात्री घेतली.

बोलकी होती. पायाचं विचारायची वेळच आली नाही, गिऱ्हाइकांच्या नजरेची तिला सवय झाली असावी. तिने आपणहून सांगितलं. तीन शस्त्रक्रिया झाल्या. भरपाई मिळाली, त्यातले बरेच दवाखान्यात गेले, काही आठ महिन्यांच्या थकलेल्या घरभाड्यात. पूर्वी दिवसाला पंधरा डोकी व्हायची, आता सात झाली की कंबर बंद पडते. नवऱ्याने विचारलं होतं, दुकान विकायचं का. ती म्हणाली होती, ओट्यापाशी मला उभं राहता येत नाही, आधी तू स्वयंपाक शिक, मग विकू.

बाईंनी विचारलं की तो माणूस दवाखान्यात भेटायला आला होता ना.

"कोण म्हणालं?"

वाचलं होतं कुठेतरी, बाई म्हणाल्या.

सलूनवालीने त्यांची मान थोडी खाली केली आणि सांगू लागली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती गुंगीत होती. जागी झाली तर उशाशी फळांची टोपली. नर्सने सांगितलं, एक साहेब वकिलाला घेऊन आले होते, पलंगाजवळ उभे राहिले, वकिलाने मोबाइलवर फोटो काढला, दोन मिनिटांत गेले. नर्स म्हणालीसुद्धा की पेशंट झोपलेत, तासाभराने या. ते म्हणाले, राहू दे, झोपू दे त्यांना.

"झोपलेली होते मी," सलूनवाली म्हणाली. "पुढे कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा कळलं की त्याने माझी माफी मागितली म्हणून."

कात्री चालत राहिली. बाई आरशात स्वतःकडे बघत होत्या आणि नववं पान त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तेवढ्या एका पानाचं त्यांना बरं वाटलं होतं.

"आता त्याला वाटत असेल," सलूनवाली म्हणाली, "पैसे त्यानेच दिले. नाही का?"

"तो माझा जावई आहे," बाई म्हणाल्या.

कात्री थांबली. आरशात दोघींची नजर भेटली. सलूनवालीने एकदा बाईंच्या पर्सकडे पाहिलं, यातूनही मोबाइल निघतोय की काय, अशा नजरेने. बाईंनी पर्स पायाशी ठेवली.  मग स्टूल खुर्चीमागे फिरलं आणि सलूनवाली म्हणाली, "मान हलवू नका. उजवीकडे अजून राहिलेत."

तिने पूर्ण पैसे घेतले. बाईंनीही सुट्टे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टायवाल्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. फाइलला त्यांनी हात लावला नाही. त्याला त्यांनी एवढंच विचारलं की तो नोंदणी कार्यालयात जाऊन आला का. तो लाजला. म्हणाला, मॅडम, घरचं प्रकरण आहे तुमच्या, म्हणून.

"तुमच्या घरचं आहे का?"

"नाही."

"मग जाऊन या," बाई म्हणाल्या. "बारा दिवस आधीचं बघा."

टायवाला गेला आणि संध्याकाळी प्रेम व जिव्हाळ्याची प्रत घेऊन आला. महिन्याभरात कंपनीच्या वकिलाची नोटीस निघाली: बक्षीसपत्र वसुली चुकवण्यासाठी केलेलं आहे, ते रद्द का करू नये. नोटीस जावयाच्या नावाने होती, आणि बक्षीस घेणारी म्हणून मुलीच्याही नावाने.

मुलगी शाळा सुटल्यावर थेट आईच्या घरी आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. दप्तरासारखी ती नोटीस छातीशी धरून बसली.

"तू शिक्षा नेमकी कुणाला केलीस?" तिने विचारलं. "त्याला की मला?"

"सही तुझी आहे त्यावर," बाई म्हणाल्या. "काय चाललंय ते तुला कळत नव्हतं?"

मुलीने नोटिशीची घडी घातली.

"कळत होतं," ती म्हणाली. "तू सांभाळून घेशील असं वाटलं होतं."

मग ती उठली आणि चहा न घेता गेली. यजमानांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. बाईंना वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "रविवारी आता दोघांपुरतंच करायचं म्हणजे." बाईंना रडू आलं ते तेव्हा, आणि त्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या.

जावयाने मात्र गावभर रडून घेतलं. सासूने पोटच्या मुलीचं घर लिलावात काढलं, असं तो ज्याला त्याला सांगे. आपण व्यवस्थेचे बळी आहोत, असंही त्याला वाटू लागलं होतं. त्याच्या बाजूचे दोन-तीन नातेवाईक बाईंना फोन करून माणुसकी म्हणजे काय ते समजावून गेले. त्यातल्या एकाही माणसाने मोडलेल्या पायाचा विषय काढला नाही. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला शेवटी विचारलं, मग तुम्ही किती भरताय? त्यानंतर फोन आले नाहीत.

घर काही लिलावात गेलं नाही. बक्षीसपत्र टिकणार नाही हे जावयाच्या वकिलाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं; फी घेऊन झाल्यावर त्याने ते जावयालाही सांगितलं. तडजोड झाली. गाडी विकून मोठी रक्कम एकदम भरायची, उरलेली सात वर्षं पगारातून कापून घ्यायची, आणि फिटेपर्यंत घर कंपनीकडे तारण. कागदांवर सह्या होताना बाई त्या मजल्यावरही नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी जुन्या फायली बांधायला काढल्या होत्या.

कंपनीच्या वार्षिक समारंभात साहेबांनी बाईंचा सत्कार केला. नात्यापेक्षा कर्तव्य मोठं मानणारी आपली भगिनी, असं ते माइकवर म्हणाले. फाइल सावकाश चालवायची सूचना कुणी केली होती, ते म्हणाले नाहीत. वसुलीच्या वाढलेल्या आकड्यांवर साहेबांना सहकुटुंब परदेश सहल मिळाली आणि बाईंना भिंतीवरचं घड्याळ. बाईंनी ते खोके न उघडता लिफ्टवाल्याला देऊन टाकलं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं असं नाही, पण तो तिथेच सर्वांत जवळ उभा होता.

सात महिने मुलगी आली नाही. नातीला यजमान शाळेतून आणत, बागेत नेत, परत पोचवत. बाईंशी त्याबद्दल बोलत नसत आणि बाईही विचारत नसत, फक्त शुक्रवारी त्यांच्या खिशात गोळ्या-चॉकलेटचे पैसे ठेवून देत. आठव्या महिन्यात मुलीचा फोन आला की रविवारी येते. पूर्वी ती फोन न करता यायची.

आली ती वेगळीच होऊन आली होती. घरचे सगळे व्यवहार तिने स्वतःकडे घेतले होते. नवऱ्याच्या पगारातला हप्ता कापून गेल्यावर जे उरे त्यातून त्याला बसच्या पासचे पैसे ती मोजून देई. ऑफिसच्या जेवणांना जायचं तर जा, पण येताना फाटकातून आत घेणार नाही, असं तिने त्याला सांगितलं होतं. आणि एक गोष्ट तिने त्याला करायला लावली होती. त्या दुकानात जाऊन, ती बाई जागी असताना माफी मागून ये, असं म्हणाली होती. नवव्या पानाचं खरं तिला बाईंनी त्या नोटिशीनंतर पत्र लिहून कळवलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं, पण पत्र वाचलेलं होतं.

"मग गेले का?" बाईंनी विचारलं.

गेला होता, मुलगी म्हणाली. मंगळवारी. सगळं बोलून आलो, मन हलकं झालं, असं म्हणाला. केसही कापून आला. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे या, असं मुलीने जाताना सांगितलं, आणि दारात क्षणभर आईच्या दंडाला हात लावला.

बाई गुरुवारी सलूनमध्ये गेल्या. आता तिथे त्या दर दीड महिन्याने जात; मैत्री म्हणता येणार नाही, पण नेहमीसारखे म्हटलं की सलूनवालीला कळायचं.

"आला होता तुमचा जावई," सलूनवाली स्वतःच म्हणाली. "मंगळवारी."

बाई आरशात बघत राहिल्या.

सलूनवालीने त्याला दारातच ओळखलं होतं. कोर्टात पाच तारखा समोर बसलेला माणूस. त्याच्यापुढे दोन गिऱ्हाइकं होती म्हणून तिने त्याला बसायला सांगितलं. तो बसला, मासिक उलटं धरून चाळत राहिला. नंबर आल्यावर खुर्चीत बसला. तिने विचारलं, कितपत कापू. तो म्हणाला, बारीक. तिला वाटलं, आता बोलेल. म्हणून तिने मुद्दाम वेळ लावला, एवढ्या डोक्याला पाऊण तास घातला. दोनदा त्याने तोंड उघडलं. एकदा म्हणाला, आज उकडतंय. दुसऱ्यांदा म्हणाला, तुमचं दुकान छान आहे. मानेवर वस्तरा फिरवताना तेवढा घामाने निथळला.

"तुम्ही का नाही काही बोललात?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला बोलू? माफी मागायला तो आला होता."

शेवटी त्याने केस कापायच्या पैशांच्या पाचपट नोटा आरशाखाली ठेवल्या आणि तिने मोजायच्या आत बसथांब्याकडे निघून गेला. सलूनवालीने गल्ल्याच्या खणातून एक कागदी पाकीट काढलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

रविवारी बाई आणि यजमान मुलीकडे गेले. जावयाने दार उघडलं. केस नीट बारीक कापलेले होते. काम उत्तम होतं, कुठे एक कात्री वेडीवाकडी नव्हती. त्याने आई म्हणून हाक मारली, पर्स घेऊ का विचारलं, खुर्ची ओढून दिली. सगळी बसली. नात आजोबांना शाळेतल्या कवितेचं काहीतरी सांगत होती. जावयाने स्वतःहूनच विषय काढला. म्हणाला की तो त्या ताईंना भेटून आला, मनातलं सगळं बोलला, त्यांनीही मोठ्या मनाने ऐकून घेतलं. अशा वेळी माणसाला माणूस कळतो, असं म्हणाला.

बाईंनी पर्समधून पाकीट काढलं आणि त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

"उरलेले पैसे," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, नुसते केस कापायचे एवढे होत नाहीत."

जावयाने पाकिटाकडे पाहिलं, उचललं नाही. मुलीने ते उचललं, आतल्या नोटा शांतपणे मोजल्या, आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "दुकान मंगळवारीच उघडं असतं, की रोज?"

"रोज असतं," बाई म्हणाल्या. "सकाळी नऊपासून."